कमरेतला दाणा

“फुगडी नाही म्हणजे काय, ताई?” रसिकाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. “अहो, तुमच्याशिवाय फुगडी म्हणजे पुरणाशिवाय पोळी!”

“पाय मुरगळलाय गं,” अलकनंदा म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तिने एकदा उजवा पाय धरला आणि एकदा डावा.

नोएडातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांचा सराव रंगात आला होता. येत्या रविवारी दिल्ली, नोएडा, फरीदाबाद इथल्या महाराष्ट्र मंडळांची स्पर्धा होती. अलकनंदा टिपणीस वर्षभर एका आयटी कंपनीत माणसं भरती करायची, आणि श्रावण लागला की पदर खोचून या बायकांची म्होरकी व्हायची. गेली वीस वर्षं हेच चाललं होतं. तिचा हात धरून फुगडी घालणारी बाई कधी पडली नाही, अशी तिची ख्याती. आणि या ख्यातीचा तिला अभिमान होता, का नसावा?

पण पन्नाशी ओलांडली, पाळी गेली, आणि जाताना झोप, धीर आणि निम्मी अक्कल घेऊन गेली. ऑफिसच्या गारठवणाऱ्या एसीतही तिचा ब्लाउज घामाने चिंब. मीटिंगमध्ये उगाच रडू फुटायचं. गेल्या श्रावणात तर ती सरावात सगळ्यांवर अशी खेकसली, की बायका पाठीमागे म्हणाल्या, “यार, ताईंना आता झेपत नाही.” ते तिच्या कानावर आलं आणि फार लागलं.

मग तिने डॉक्टर खन्नांना गाठलं. गोळ्यांनी डोकं दुखायचं, जेल लावायचं रोज राहून जायचं. तपासण्या ठीक आल्या. तेव्हा डॉक्टरांनी कमरेपाशी तेवढीच जागा बधिर करून कातडीच्या आत हार्मोनचा एक दाणा बसवला, तांदळाएवढा. तो आतल्या आत विरघळत तीन-चार महिने पुरतो. “सबको नहीं देती मैं ये,” त्यांनी बजावलं होतं. चैत्रात पहिला दाणा बसला आणि महिन्याभरात अलकनंदा माणसांत आली. पोटभर झोपू लागली. आता दुसरा नुकताच बसवला होता. काही दिवस उड्या नाहीत, उठाबशा नाहीत, अशी सक्त ताकीद होती. चैत्रात ती पाळताना काही अडलं नव्हतं. पण हा श्रावण!

“जाऊ द्या हो ताई,” रसिका समजुतीने म्हणाली. “वय झालं की शरीर ऐकत नाहीच. या वर्षी मी बघते सगळं.”

वय झालं? बास! अलकनंदाने पदर खोचला. “ये इकडे!”

हात गुंफले, पाय जुळले आणि फुगडी अशी फिरली की बाकीच्या टाळ्या वाजवायच्या विसरल्या. “ताई, बस, चक्कर!” असं रसिका ओरडली तेव्हा कुठे अलकनंदा थांबली. घामाघूम झाली होती, पण हा घाम तिचा स्वतःचा होता. ती ताठ मानेने घरी गेली, साडी सोडली, आणि बघते तर कमरेवरच्या पट्टीला रक्त, आणि त्या रक्तात बाहेर आलेला दाणा.

नेमक्या तेव्हाच सासूबाई खोलीत आल्या. पार्वतीबाई ऐंशीच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण नजर घारीची. सगळं सांगावंच लागलं.

“अगं बाई! असल्या गोष्टीला औषध?” त्या म्हणाल्या. “आमची नाही का गेली? आम्ही नाही हो बोभाटा केला.” एवढं सुनावून दुसऱ्या दिवशी कॅब आली तेव्हा मात्र त्याच आधी जाऊन बसल्या. “एकटी कशी जाशील? चल.”

डॉक्टर खन्नांनी जखम पाहून कपाळाला हात लावला. “कबड्डी खेली क्या आपने?”

“फुगडी.”

“वो क्या होता है?”

अलकनंदाला धड सांगता येईना. पार्वतीबाईंनी काठी बाजूला ठेवली, डॉक्टरांचे दोन्ही हात उलटसुलट धरले आणि म्हणाल्या, “ऐसा. और फिर गोल-गोल.”

डॉक्टर हसल्या, मग गंभीर झाल्या. “कॉम्पिटिशन भूल जाइए. पहले ज़ख़्म भरने दीजिए. तब तक जेल लगाइए, और इस बार भूलना नहीं. फिर सोचेंगे.”

अलकनंदाचा चेहरा पडला. पार्वतीबाई मात्र उठेनात. “डॉक्टरजी, इसमें औरत को ग़ुस्सा भी आता है?”

“बहुत, माताजी. बदन जले, नींद न हो, तो किसे नहीं आएगा?”

“बर्तन फेंकने जितना?”

डॉक्टर हसल्या नाहीत. “उतना भी.”

टिपणीसांच्या घरातली ती जुनी गोष्ट होती. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना, पन्नाशीच्या सुमारास, पार्वतीबाईंनी आमटीचं भरलेलं पातेलं खिडकीतून बाहेर भिरकावलं होतं. कुणाचं लग्न असो की मुंज, ही गोष्ट निघायची आणि सगळे पोट धरून हसायचे. अलकनंदाही हसली होती.

परतताना कॅबमध्ये पार्वतीबाई काठी मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, “अलका, मला वाटायचं, मी मुळातच वाईट बाई आहे. ह्यांनाही तेच वाटायचं. महिनोन्‌महिने बोलले नाहीत माझ्याशी.”

“आई, तुम्ही वाईट नव्हतात हो.”

“ते कळलं आता. पण ज्यांना सांगायला हवं होतं ते गेले ना.”

अलकनंदाने त्यांचा सुरकुतलेला हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

रविवारी मंडळाचं सभागृह खच्चून भरलं होतं. रसिकाने नऊवारी नेसून फुगडीत अलकनंदाची जागा घेतली. गाणं अलकनंदा म्हणणार होती. “निवेदनात सांगते हं, ताईंचा पाय मुरगळलाय,” रसिका कुजबुजली.

“थांब,” अलकनंदा म्हणाली आणि माइक स्वतःच घेतला. समोर बायका होत्या, तसे पुरुषही होते, ऑफिसातले दोघे-तिघे होते.

“नमस्कार. माझा पाय ठणठणीत आहे,” तिने सुरुवात केली. “माझी पाळी गेलीय. दोन वर्षं मला झोप नव्हती, मी सगळ्यांवर ओरडत होते. त्यावर मी उपचार घेते. कमरेत औषधाचा दाणा बसवला होता, तो माझ्याच हट्टाने निघाला, म्हणून आज फुगडी नाही. वय झालं म्हणून नाही. पुढच्या श्रावणात मी इथे असणार आहे, आणि माझ्याबरोबर कोण टिकतं ते बघू!”

एका गृहस्थांनी घाईघाईने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. रसिकाचे डोळे भरले. “सॉरी, ताई,” ती हळूच म्हणाली. अलकनंदाने तिच्या पाठीवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात गाणं उचललं. बायकांनी फेर धरला.

तेवढ्यात पुढच्या रांगेत पार्वतीबाई काठी टेकून उठल्या आणि उभ्याच राहिल्या.

“आजी, बसा ना,” मागून कुणीतरी म्हणालं. “आम्हाला दिसत नाहीये.”

“मला बघू दे आधी,” पार्वतीबाई मागे न वळता म्हणाल्या. “सून आहे माझी.”