पाणी धरणारं आडनाव

वीब्केची लेक सव्वीस दिवसांची झाली, तरी तिला आडनाव नव्हतं. महिना उलटायच्या आत नोंदणी कचेरीत एकच नाव लिहून द्यायचं होतं: आईचं बोट्शर, नाहीतर बापाचं शेफ्लर. आता गंमत बघा, दोन्हींचा अर्थ एकच, पिंपं बांधणारा. उत्तरेकडचे म्हणतात बोट्शर, इकडे बव्हेरियात शेफ्लर. पण हे दोघा आजोबांना कोण सांगणार?

वीब्केचे बाबा ओन्नो जन्मभर फेरीबोटीवर तिकिटं फाडत आलेले. सासरे अलोइस चष्मे विकायचे. दोन्ही घराण्यांत पाच पिढ्यांत कुणी पिंपाला हात लावला नव्हता, प्यायचं सोडून. ओन्नोंचं म्हणणं, शेफ्लर म्हणजे नुसते धुण्याचे टब करणारे, खरी पिंपं आमची. त्यावर अलोइस म्हणाले, खारवलेल्या माशांच्या पिंपांचा एवढा तोरा नको, आमच्या पिंपांत बिअर असायची.

शेवटी पैज ठरली. दोघांनी नातीसाठी अंघोळीचा लाकडी टब बांधायचा; ज्याचा टब पाणी धरेल, त्याचं आडनाव. वीब्केचा नवरा कोर्बिनियान म्हणाला, मला काहीही चालेल. वीब्केला मात्र काहीही चालणार नव्हतं. माहेरी ती एकुलती एक. तिच्यामागे बोट्शर म्हणवायला कुणी उरत नव्हतं. पण सासरच्यांनी बाळंतपणात इतकं केलं होतं, की बोलायला जीभ रेटेना. बाळाला पाजता पाजता ती खिडकीतून अंगणातली ठोकाठोकी बघत राहायची.

तिसऱ्या दिवशी पाणी ओतलं. दोन्ही टब चाळणीसारखे गळले. अलोइसनी कुठूनसं ऐकलं होतं की लाकूड भिजून फुगावं लागतं. ते खुर्ची टाकून बसले आणि शांतपणे तांब्या तांब्या पाणी घालत राहिले. दुपारपर्यंत गळती थांबली. ओन्नोंना एवढा दम कुठला? त्यांनी फळ्यांना बाहेरून धरून ठेवणारी लोखंडी कडी आवळायला हातोडा हाणला. टबाने एक सुस्कारा सोडला, सगळ्या फळ्या कमळासारख्या उमलल्या आणि पाणी थेट अलोइसच्या बुटांत शिरलं.

कुणी हसलं नाही. ओन्नो पाठ फिरवून फळ्या गोळा करू लागले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. ते कान बघून वीब्के बाळासकट अंगणात आली.

"मला बोट्शरच हवंय," ती म्हणाली. "टब फुटला तरी."

अलोइसनी बूट काढून पाणी ओतलं. मग फळ्यांकडे निरखून बघितलं.

"व्याहीबुवा, कड्या किती लावल्या होत्या?"

"एक."

"एक," अलोइस म्हणाले, आणि आपल्या टबाच्या तीन कड्या बोटाने मोजून बघितल्या. मग मुलाकडे वळले. "कोर्बिनियान, बोट्शर लिही. आपल्यात निदान मी तरी आहे. यांच्या घराण्याला पिंप बांधणाऱ्याची फारच निकड दिसते."

ओन्नोंना अपमान वाटून घ्यायचा होता, पण दोन्ही हातांत फळ्या होत्या. तोवर वीब्के कचेरीचे कागद आणायला आत पळालीही होती, कुणाचं मन बदलायच्या आत.