महाराजांच्या पायांचं पाणी

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. धन्याचं पीक फुलोऱ्यात आलं होतं आणि फुलाफुलावर माव्याची कीड चढली होती. दांड्याला बोट लावलं की चिकट व्हायचं.

तेवढ्यात आमच्या घरी महाराज उतरले. अंगणात बादल्या-डबे घेऊन ही गर्दी. मधोमध खुर्चीत महाराज, पाय परातीत. शिष्य ते चोळून धुवायचा आणि लोक ते पाणी पिकावर शिंपडायचे. मावा खरंच मरायचा. मी स्वतः पाहिलंय.

"कीड म्हणजे पाप," महाराज सांगत. "पापाला या पायांचा वास सोसत नाही."

"सोसत आम्हालाही नाही, पण आम्ही मरत नाही," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सासऱ्यांनी डोळे वटारले. ते तर विहिरीकडची जमीन महाराजांच्या नावे करायला निघाले होते. घर चालायचं ते त्याच तुकड्यावर. सासूबाई समजावून थकल्या.

माझी नणंद परगावी शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टीला आली आणि न्हाणीघरातूनच म्हणाली, "वहिनी, साबण कुठाय?"

"पाहुणे आल्यापासून टिकतच नाही, वन्सं. धुण्याच्या वड्यासुद्धा गायब. बरं, महाराज अंघोळ करताना काही दिसत नाहीत."

ती हसली. "उद्या पाय मी धुते."

सकाळी ती परातीपुढे बसली. शिष्याने फडक्याची पुरचुंडी पुढे केली. तिने ती सोडली. आत आमचीच वडी.

"साबण कशाला? महाराजांचे पाय मुळातच पवित्र."

गर्दीने माना डोलावल्या. महाराजांनी पाय पुढे केले. पाय नुसत्या पाण्याने धुतले गेले. मग तिने शेळीचे खूर साबण लावून दुसऱ्या घमेल्यात धुतले.

ती सासऱ्यांकडे वळली. "अप्पा, जमीन उद्या द्या. आज एका वाफ्यावर महाराज शिंपू, दुसऱ्यावर शेळी."

दुसऱ्या दिवशी महाराजांच्या वाफ्यावर मावा वळवळत होता. शेळीच्या वाफ्यावर मरून पडला होता.

"काल आमचं चित्त विचलित होतं," महाराज म्हणाले.

"शेळीचंही होतं. सारखी पाय झाडत होती."

"म्हणजे आता शेळीच्या पाया पडायचं?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"कुणाच्याच नको," नणंद म्हणाली. "माव्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो. साबणाने तो सुटतो, मग कीड सुकून मरते. पातळ साबणपाणी पानांच्या खालूनही मारा, किडीला लागलं पाहिजे. आणि चमत्कार दिसला तर त्यातली एकेक गोष्ट बाजूला काढून बघा. कशाने काय होतं ते आपोआप कळतं."

सासऱ्यांनी जमिनीचा कागद चुलीत घातला.

महाराज पुढे दूरच्या एका गावात टकलावर केस उगवून देत होते म्हणे. स्वतः टोपी घालून. शिष्याने बाजारात साबणाचं दुकान टाकलं, आणि ते चाललं. नणंद मुख्याध्यापिका झाली, गेल्या वर्षी गेली. सासूबाई त्याच तुकड्यातला धना विकून म्हातारपणी ताठ मानेने जगल्या. सासऱ्यांनी चूक कधी कबूल केली नाही. मात्र कुणी कसलाही अंगारा दिला की ते तो आधी मुलीकडे पाठवायचे, तपासायला.