मोहाची जळकी बाजू

कमलाने टायर पाहिले नाहीत. इंजिन किती तास चाललं ते सांगणारा घंटामीटरही पाहिला नाही. धनराजने बॉनेट उचललं तशी तिने बाही वर सारली आणि बॅटरीच्या मागे, सायलेन्सर जिथून बाहेर वळतो त्या अरुंद फटीत कोपरापर्यंत हात घातला.

"काय हरवलं बाई तिथी?" धनराज हसला. बल्लारपूरच्या रस्त्याला जुन्या ट्रॅक्टरांचं त्याचं आवार होतं आणि गिऱ्हाईकाला बोलण्यात गुंडाळायची त्याला सवय होती. "लोकं इंजनचा आवाज आयकतात, क्लच दाबून पाहतात. तुम्ही तं गाभन म्हैस तपासल्यावानी करून राह्यल्या."

"काई नाई." तिने हात बाहेर काढला. बोटांना तेलकट धूळ लागली होती. काडी नव्हती, पिसं नव्हती. "साफ आहे."

"साफच राहीन ना. एका हाताची गाडी आहे. गडचांदूरचा मालक, जमीन विकून पोराकडे गेला रायले. छोटा ट्रॅक्टर आहे, पन धानाच्या बांधीत पोरगी चालल्यावानी चालते."

संघप्रिया बाजूला उभी होती. गावातल्या बायांच्या बचत गटाची अध्यक्ष, वयाने कमलाच्या लेकीएवढी, पण बँकेत, पंचायतीत, कुठेही न अडखळता बोलणारी. "काकू, तुम्हीच सांगा. चालवनार तुम्ही."

कमला सीटवर चढली. कुशन फाटलेलं होतं, पहिल्या मालकाच्या बुडाचा खळगा त्यात तसाच होता. तिने चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. चांगला ट्रॅक्टर निघावा असं तिला वाटतच नव्हतं. एखादा भंगार, दर आठवड्याला बंद पडणारा मिळाला असता तर जरा बरं वाटलं असतं.

"घेऊ," ती म्हणाली.

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला पाठ लावून बसलेल्या त्या गावात बायांच्या गटाला चार वर्षांपूर्वी छोटा ट्रॅक्टर मिळाला होता. मिळाला तेव्हा सगळ्या बाया त्याच्याभोवती फोटो काढून घ्यायला उभ्या राहिल्या. चालवायचा कोणी, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्या एक पाऊल मागे सरल्या. कमला सरली नाही. नवरा गेल्यापासून ती एकटीच शेत करत होती आणि दुसऱ्याच्या नांगराची वाट पाहून ती विटली होती. महिनाभर पडीक खळ्यावर गोल गोल फिरून ती शिकली. धुऱ्यावर, शेताच्या कडेला बसून पुरुष हसायचे. कुणी म्हणायचं, बाई सरळ चालली तं मी मिशी काढतो. कमला सरळ चालली. मिशी कोणी काढली नाही. पुरुषाच्या हातून गाडी उलटली तर ती गाडीची चूक असते, बाईच्या हातून नुसती बंद पडली तरी ती बाईच्या जातीची चूक होते, हे कमलाला त्या चार वर्षांत पुरतं समजलं होतं.

आणि मग चैत्रात ट्रॅक्टर जळाला.

लेकीच्या बाळंतपणाला गेलेली कमला परत आली तेव्हा ट्रॅक्टर पंधरवडाभर नुसता उभा होता. पाणी पाहायला तिने बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या मागे साळुंकीने, गावाच्या बोलीत मैनेने, घरटं केलेलं. तनस, सुतळीचे धागे, कुठल्याशा पिशवीची चिंधी, आणि मधोमध निळी अंडी. साळुंकी समोरच्या कुंपणावर बसून घसा फाडून ओरडत होती. लेकीच्या बाळाचा वास अजून कमलाच्या पदराला होता. तिने बॉनेट खाली केलं. शेणखताच्या दोनच खेपा आहेत, जवळच जायचं आहे, काय होते? असं ती स्वतःशी म्हणाली. मेकॅनिक दरवेळी सांगायचा, काडीकचरा सायलेन्सरजवळ राहू देऊ नका म्हणून. ते तिला त्या क्षणीही आठवलं होतं. आठवूनही तिने बॉनेट खाली केलं. पुढे तिला झोप येईना ती ह्या आठवण्यापायी.

साळुंकी ओरडत ट्रॅक्टरमागून उडत राहिली. दुसरी खेप टाकून कमलाने ट्रॅक्टर भागीरथाच्या मोहाच्या झाडाखाली सावलीला लावला आणि ती नाल्यावर पाणी प्यायला गेली. परतली तेव्हा बॉनेटमधून ज्वाळा निघत होत्या आणि म्हातारी भागीरथा दोन्ही हातांनी माती उचलून त्यावर फेकत होती. गोंडांच्या टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, एकटी राहणारी बाई. मोहफुलं वेचून आणि दोन बांध्या, एवढासा धानाचा तुकडा, कसून जगणारी. तीही गटातच होती. दोघींनी मिळून माती टाकली. डिझेल पेटलं तेव्हा दोघी मागे झाल्या.

गाव आलं ते सगळं जळून गेल्यावर. मोहाचा हंगाम होता. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला काहीजण पेटवतात, त्यातून वणवे लागतात, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे कोणाला डोकं चालवायची गरजच पडली नाही. मोहाचं झाड, गोंडाची म्हातारी, काळे हात. झालं.

"पाला पेटवला ना वं बुढे?" गटातल्या रंजीताने विचारलं होतं. विचारलं कसलं, सांगितलंच.

भागीरथाने रंजीताकडे पाहिलंच नाही. तिने कमलाकडे पाहिलं. कमला पदराने हात पुसत होती. खूप वेळ पुसत होती.

जंगलाचा गार्ड आला, राख पायाने उकरून गेला. गटाच्या बैठकीत ठरलं की भागीरथा आता गटात नाही आणि पुढे ट्रॅक्टर आला तरी तिच्या बांधीत उतरणार नाही. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर गेले. कमलाचाही गेला. कोणी तो धरून वर केला नव्हता.

आता जुना पण गटासाठी नवा ट्रॅक्टर घेऊन त्या दोघी परत निघाल्या होत्या. संघप्रिया मडगार्डवर बसली होती आणि दर वळणाला कमलाचा खांदा धरत होती. दोन्हीकडे सागाची पानं वाळून चाळणी झालेली. मध्ये एका टपरीवर चहाला थांबल्या तेव्हा कमलाने कप हातात धरला आणि तो तोंडाला लावलाच नाही.

"संघप्रिया, तो ट्रॅक्टर भागीरथामायनं नाई जाळला."

"मंग?"

कमलाने सांगितलं. घरटं, अंडी, दोन खेपा, मेकॅनिकचं बोलणं. सांगायला फार वेळ लागला नाही. दोन महिने घशात अडकलेली गोष्ट चहा निवायच्या आत संपली, याचंच तिला नवल वाटलं.

संघप्रियाने टपरीवाल्याकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणला. "हे कोनाकोनाले मालूम आहे?"

"मले. अन् आता तुले."

"मंग तिथीच राहू द्या."

"तिथीच कसं राहू देऊ?"

"काकू, रंजीताचा नवरा कवाचा मांगं लागला आहे. बायांकडून होत नाई, चाबी माह्याजवर द्या म्हनते. तुम्ही आज हे बोलल्या तं उद्या चाबी त्याच्या खिशात. मंग गटाचा ट्रॅक्टर अन् मालक तो. तुम्ही नाई, मी नाई, कोनतीच बाई मंग स्टेरिंगवर बसनार नाई. त्याच्यासाठी भांडलो का आपन एवढ्या?"

"अन् भागीरथामाय?"

संघप्रियाने कप खाली ठेवला. "तिले घेऊ ना गटात परत. थोडं थंडं होऊ द्या. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली पाहू. चांगल्या माणसांच्या तोंडी हे वाक्य फार शोभतं. शिवी द्यावी लागत नाही, लाथ मारावी लागत नाही, आणि समोरचा माणूस जिथे पडला आहे तिथेच पडून राहतो. संघप्रिया चांगलीच पोरगी होती. ती खरंच भांडली होती. तिचं एकही म्हणणं खोटं नव्हतं.

आणि खरी लाज पुढेच होती. कमलाला हायसं वाटलं. आपण तर सांगितलं, आता नाही म्हणणारी दुसरी आहे, असं वाटून तिने तो निवलेला चहा एका घोटात संपवला, आणि उरलेल्या वाटेत तिला ट्रॅक्टर चालवायला मजाही आली. क्लच हलका होता. हातात येईल असं स्टेरिंग होतं. गावाच्या वळणावर भागीरथाचा मोहा दिसेपर्यंत ती मजा टिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धविहारासमोर बाया जमणार होत्या. ट्रॅक्टरला हार घालायचा आणि पहिली नांगरणी रंजीताच्या शेतात. कमलाने त्याआधीच ट्रॅक्टर बाहेर काढला आणि गावाकडे न वळता नाल्याच्या वाटेने खाली घेतला.

भागीरथा बांधीत होती. गुडघ्यावर बसून कुदळीने माती फोडत होती. रोवण्याआधी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायला निदान एक कोपरा तरी तयार हवा, एवढाच तिचा हिशेब दिसत होता. धुऱ्याजवळचा कोपरा तिने उकरला होता, बाकी बांधी दगडासारखी पडली होती.

कमलाने ट्रॅक्टर सवयीने मोहाच्या सावलीकडे वळवला.

"तिथी नको लावजो," भागीरथा मान वर न करता म्हणाली. "झाडापासून दूर लाव."

कमलाने गिअर मागे टाकला. ट्रॅक्टर उन्हात आणून उभा केला, उतरली आणि झाडापाशी गेली. ह्या झाडाजवळ ती त्या दिवसानंतर आली नव्हती. मोहाचा बुंधा एकाच बाजूने काळा होता, तिचा ट्रॅक्टर ज्या बाजूला उभा होता त्या बाजूने, कमरेपासून वर. साल तडकून सुटली होती. त्या अंगाच्या फांद्यांना पान नव्हतं, टोर, मोहाचं फळ, लागली नव्हती. पलीकडचं अंग हिरवं होतं, तिथे टोरीचे घोस लोंबत होते. बुडाशी पाल्याला आग लागली असती तर झाड खालून चहूकडून होरपळलं असतं. शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. गार्ड आला, गाव आलं, आणि राख पाहून गेलं. झाडाकडे कोणी पाहिलं नाही.

"भागीरथामाय." कमला तिच्याकडे वळली. "माह्या ट्रॅक्टरमधे घरटं होतं. मैनेचं. मले दिसलं होतं. मी काढलं नाई."

कुदळ चालू राहिली.

"आग तिथूनच लागली. तू पाला नाई जाळला."

"मी पाला कईच जाळत नाई," भागीरथा म्हणाली. "झाडून घेतो खराट्यानं. मैना ओरडून राह्यली होती बॉनेटवर, म्हनून तं मी धावली. धूर बॉनेटमधूनच निंगत होता."

"तुले मालूम होतं?"

"मले काऊन मालूम राहनार नाई? मीच तं होती इथी."

"मंग बोलली काऊन नाई?"

भागीरथाने कुदळ टेकवली आणि पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर कमलाला तो अंगावर घेता आला असता.

"मले कोनं इचारलं, बाई? मले तं सांगतलं का तुनं जाळलं म्हनून."

कमला धुऱ्यावर बसली. मग म्हणाली, "सरक तू. तुही बांधी मी आता नांगरून देतो. मंगच गावात जातो."

"नको."

"असं कसं नको? कुदळीनं कवा होईन हे?"

"होईन तेवढं होईन." म्हातारीने पुन्हा कुदळ उचलली. "तू मले येऊन काऊन सांगून राह्यली? मले तं मालूम आहे. ज्याइले मालूम नाई त्याइले जाऊन सांग."

विहारासमोर ट्रॅक्टर दिसला नाही म्हणून बाया त्याच्या चाकांच्या खुणा धरून नाल्याकडे आल्या. पुढे रंजीता, हातात झेंडूचा हार. तिच्या मागे तिचा नवरा, कशाला आला होता कोणास ठाऊक, पण आला होता. सगळ्यात मागे संघप्रिया. तिने ट्रॅक्टर कुठे उभा आहे ते लांबूनच पाहिलं होतं आणि तिची चाल मंदावली होती.

"अवं काकू," रंजीता ओरडली, "पयल्याच दिवशी वाट चुकल्या का काय? आपलं काय ठरलं होतं? हिच्या बांधीत कोनं न्यायला सांगतलं ट्रॅक्टर?"

"कोनंच नाई," कमला उठून म्हणाली.

"मंग चला ना. हार सुकून राह्यला."

संघप्रिया आता जवळ आली होती. तिने कमलाकडे पाहून अगदी हळू मान हलवली. नको. कमलाला ती हालचाल नीट कळली. त्या मानेमागे काय आहे तेही कळलं. तिच्या मुठीत चावी होती. घाम सुटून ती निसरडी झाली होती. रंजीताच्या नवऱ्याची नजर त्या मुठीवर होती.

कमला ट्रॅक्टरपाशी गेली. चढली मात्र नाही. पुढे जाऊन तिने खटका ओढला आणि बॉनेट पूर्ण वर केलं. लोखंडी दांडीने ते टेकवून ठेवलं.

"इकडे या," ती म्हणाली. "सगळ्या जनी जवर या. त्या दिवशी आग कुठून लागली ते मले दाखवाचं आहे. मंग ते झाड पाहा."

बाया एकमेकींकडे पाहत पुढे सरकल्या. बांधीतून कुदळीचा आवाज येतच होता, एकसारखा, कोणाची वाट न पाहणारा. रंजीता हार दोन्ही हातांत धरून बॉनेट खाली येण्याची वाट पाहत उभी राहिली.