शेवटचं द्राक्ष

मी पातेली बोलतेय. ओट्याखालच्या कपाटात, वरच्या फळीवर, सांडशीला टेकून राहते ती. माझ्याकडे बघून कुणी थबकेल असं माझं रूप नाही. बूड जाड, काठ एका जागी चेपलेला, आणि पोटावर एक तपकिरी डाग, कितीही घासला तरी न जाणारा. एरवी मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आज पहाटेपासून माझ्यात साखर आणि पाणी घालून मला शेगडीवर ठेवलंय आणि शेगडी काही पेटवत नाहीत. अशा वेळी गप्प बसणं मला जमायचं नाही.

कारखान्यात एका फिरत्या साच्यावर पत्र्याची चकती दाबून मला आकार दिला. ते सगळं इतकं भराभर झालं की सांगण्यासारखं काही उरलंच नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते भांड्यांच्या दुकानात. तिथे एक बाई आली आणि एकेक पातेली उलटी करून बुडावर बोटाच्या पेराने टकटक करू लागली. दुकानदार वैतागला. म्हणाला, भांडं घ्यायचंय की वाजवायचंय? ती वाजवतच राहिली. माझं बूड वाजवलं, एकदा पुन्हा वाजवलं, आणि मला काखेत मारून घरी घेऊन आली.

ती मुंगीची आई. मुंगी म्हणजे तिची मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण साखरेचा डबा उघडला की घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून ही हजर, म्हणून वडलांनी तिला मुंगी करून टाकलं. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. बाबांचं कुलपं दुरुस्त करायचं छोटं दुकान. घर दुसऱ्या मजल्यावर, खोल्या लहान, स्वयंपाकघराची खिडकी मात्र मोठी. माझ्यात आधी दूध तापायचं आणि चहा व्हायचा. चहाचं मला कौतुक नाही. काळं करतो आणि वास सोडून जातो.

मुंगी तेव्हा फळाला तोंड लावायची नाही. द्राक्ष दिलं की गालात धरून ठेवायची आणि आईची पाठ वळली की कुंडीत टाकायची. समजावून झालं, रागावून झालं. शेवटी एका रविवारी आई म्हणाली की हिला साखरच हवी ना, मग फळांनाच साखरेचे कपडे घालू. आणि तिने मला खाली काढलं.

त्या दिवशी मला कळलं की माझं बूड जाड का आहे.

सांगते कसं करायची ते. आधी फळं धुऊन पुसायची. द्राक्षं, स्ट्रॉबेऱ्या, पापुद्रा न फाटलेल्या संत्र्याच्या फोडी. नुसतं पुसून भागत नाही. आई एकेक द्राक्ष वरच्या ओठाला लावून बघायची. लॉन्ड्रीत कपड्यातली ओल ती अशीच ओळखायची, हाताला कळत नाही ते ओठाला कळतं म्हणायची. जरा गार लागलं की पुन्हा फडक्यात. मग माझ्यात साखर आणि तिच्या निम्मं पाणी. आणि त्यानंतर कुणी हात लावायचा नाही. ढवळायचं तर मुळीच नाही. मुंगीने एकदा आईची नजर चुकवून चमचा फिरवला होता. बघता बघता सगळ्या पाकाचे पांढरे खडे झाले आणि चमचा त्यात रुतून उभा राहिला. आई रागावली नाही. तिने मुंगीला माझ्यासमोर बसवलं आणि सगळं खरवडायला लावलं. खरवडता खरवडता निम्मं तिने खाल्लं, त्यामुळे शिक्षा नक्की कुणाला झाली ते मला अजून कळलेलं नाही.

पाक उकळताना आधी मोठे बुडबुडे येतात, मग लहान, मग दाट. आई गार पाण्याच्या वाटीत एक थेंब सोडायची, तो काढून दोन बोटांत मोडायची. वाकला तर थांबायचं. टक् करून मोडला की तयार. मग काडीला टोचलेली फळं बुडवून, गर्रकन फिरवून, तेलाचा हात लावलेल्या ताटात. पहिली बिनरंगाची, काचेसारखी. मग माझ्यात पिवळ्या रंगाचा थेंब. मग त्यातच लाल घालून केशरी. मग आणखी लाल. तोवर पाक तळाशी जात काळसर झालेला असायचा, जरासा करपायच्या बेतात. त्यात शेवटचं एक द्राक्ष फिरवायचं, तळ पुसून काढल्यासारखं. ते गर्द लाल, जाडजूड आणि किंचित कडवट व्हायचं. ते मुंगीचं. दुसऱ्या कुणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायची.

दातांखाली कवच फुटल्याचा तो कट्ट असा आवाज व्हायचा ना, तो मी शेगडीवरून ऐकायचे. मग आई माझ्यात कोमट पाणी घालून मला भिजत ठेवायची. तेवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

मुंगी मोठी झाली, नर्सिंग शिकली आणि लांबच्या शहरात एका इस्पितळात कामाला लागली. बसने रात्रभराचा रस्ता. जायच्या दिवशी बाबा तिच्या बॅगेचं कुलूप तीनतीनदा उघडून बघत होते. कुलूप उत्तम होतं. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच.

पहिले काही महिने ती सुट्टी काढून यायची. मग ड्यूट्या वाढल्या. एकदा फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली की आई, तुझ्या रंगीत द्राक्षांची फार आठवण येते गं. आईने लगेच मला खाली काढलं. फळं झाली. आता पाठवायची कशी? खालच्या मजल्यावर एक बस ड्रायव्हर राहतो, त्याची गाडी त्याच शहराला जाते. बाबांनी दुकानातून पत्रा आणला आणि डबा करायला बसले. झाकणाला रबराची कडी, कडेला दोन खिट्या, सांधे कथलाचा डाख लावून पक्के. तळाला ओल शोषायला कोरड्या तांदळाची पुरचुंडी. पुरचुंडी ठेवण्याआधी डब्यात पाणी घालून त्यांनी तो उलटा टांगला आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. वर्तमानपत्र कोरडं राहिलं. कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

डबा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून गेला. दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या फोनमधून मुंगीचा आवाज आला. एकदम कडक पोचली, म्हणाली. दातांखाली कट्ट वाजली. बाबांनी आईकडे असं पाहिलं, जणू बसही त्यांनीच बनवली होती.

मी काय बोलणार? मी पातेली. पण साखर मला कळते. साखरेचं कवच हवा खातं आणि रडायला लागतं. संध्याकाळपर्यंत चिकट होतं, सकाळपर्यंत पाणी. बाबांचा डबा बाहेरची हवा आत येऊ देत नव्हता हे खरं, पण फळ आतूनच ओलं असतं, त्याला कुठली खिटी लावणार?

आणि हे आईलाही ठाऊक होतं. कारण मुंगी नसली तरी शेवटचं द्राक्ष ती करायचीच. डब्यात घालायची नाही. बशीत काढून खिडकीत ठेवायची. खायचं कुणीच नाही. सकाळी बशीत लाल पाण्याचं तळं आणि मधोमध उघडंवाघडं द्राक्ष. बाबा उठायच्या आत ती बशी विसळून टाकायची. मी ओट्यावरून सगळं बघायचे.

असं किती तरी वेळा झालं. डबा जायचा, कडक पोचली म्हणून फोन यायचा, बाबा नव्या युक्त्या काढायचे. झाकण बदललं, कडी दुहेरी केली. ड्रायव्हर परतीच्या फेरीला रिकामा डबा परत आणायचा, धुऊनपुसून लख्ख. तिकडे मुंगीचं येणं लांबतच चाललं. ह्या महिन्यात नाही जमणार, पुढच्या बघते. एकदा तर म्हणाली, डबा आला की घरी येऊन गेल्यासारखंच वाटतं. बाबांनी ते वाक्य दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं.

आईने मात्र त्या दिवशी मला घासता घासता मध्येच हात थांबवले. नळ तसाच वाहत राहिला. मला वाटलं, डाग बघतेय. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

खोटं कशाला बोलू, मुंगीची आठवण मलाही यायची. ती माझ्या काठावरून बोट फिरवून राहिलेला पाक चाटायची. पाक निवाला की नाही ते आई आधी बघायची, आणि ही दाराशी उभी राहून विचारायची, आता? आता? त्या आवाजासाठी मी चहासुद्धा सहन केला असता.

दोनतीन आठवड्यांमागे बाबा म्हणाले की आता मोठा डबा करतो, म्हणजे महिन्याला एकदाच पाठवला तरी पुरेल. त्यांनी कागदावर मापंही काढली होती. आईने फोन उचलला, ओट्यावर ठेवला आणि मुंगीला लावला.

इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. सरळ म्हणाली, "मुंगे, द्राक्षं तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. मला माहितीये."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तू पोचतात म्हणतेस, म्हणून आम्ही पाठवतो. आणि आम्ही पाठवतो, म्हणून तू येत नाहीस. असंच चालू राहिलं तर डबेच ये-जा करतील बाई. मला तू हवीयेस."

मुंगी बराच वेळ नाक ओढत होती. मग म्हणाली की पहिल्या डब्यापासूनच पाणी असायचं. पण बाबांनी एवढं खपून केलेला डबा, त्यांना कसं सांगायचं? म्हणून कडक पोचली म्हटलं. मग दर वेळी म्हणावंच लागलं. ते लाल पाणी ती पावावर ओतून खायची आणि द्राक्षं धुऊन मैत्रिणींना वाटायची.

बाबा दारात उभे होते. कानस तशीच हातात. आईला वाटलं होतं ते दुकानात गेले. ते पुढे आले, फोनजवळ वाकले आणि खूप सांभाळून विचारलं, "डबा गळायचा का गं?"

"नाही बाबा. एक थेंबसुद्धा बाहेर आला नाही कधी."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. त्यांनी मापांचा कागद घडी करून खिशात घातला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. आईने त्यांना हाक मारली नाही.

मुंगी म्हणाली, येते. रविवारी येते. आई म्हणाली की तू दारात उभी राहिल्याशिवाय शेगडी पेटणार नाही.

तर तो रविवार आज. मधे एक रविवार असाच गेला, हेही सांगून टाकते. त्या दिवशी ऐन वेळी कुणीतरी आजारी पडलं आणि तिची ड्यूटी बदलली. आईने माझ्यातली साखर काढून ठेवली आणि पुसलेली फळं दोघांनी नुसतीच खाल्ली, एकमेकांकडे न बघता. ह्या वेळी ड्रायव्हरने सांगितलंय की शेजारची सीट राखून ठेवतो, डबा बसायचा तीच. ती त्या सीटवर बसली की नाही, कुणाला ठाऊक. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही. मुंगीचा फोन लागत नाही. रस्त्यात रेंज नसते, असं बाबा म्हणतात. हे त्यांनी आतापर्यंत चार वेळा म्हटलंय.

आईने द्राक्षं पुसून ओठाला लावून बघितली. थोड्या वेळाने परत गार लागली, परत पुसली. ताटाला तेलाचा हात फिरवून झालाय. गार पाण्याची वाटी माझ्या शेजारी आहे. बाबांनी काडेपेटी घेतली, आईने ती त्यांच्या हातातून काढून घेऊन फळीवर ठेवली. जिन्यात पावलं वाजली तेव्हा दोघंही दाराकडे गेले. दूधवाला होता. दूध घेतलं आणि परत आले.

मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. आग दिली, आग सोसली. चहा दिला, तोही सोसला. पण साखर माझ्या तळाशी बसत चाललीये. तिला ढवळायचं नसतं, तापवायचं असतं, आणि तापवायला तू लागतेस. मुंगे, ये. शेवटचं द्राक्ष बशीत काढून तुझ्या नावाने खिडकीत ठेवलेलं मला आता बघवत नाही. आज ते कडक होईल की नाही, सांगता येत नाही. पाक करपेलही. करपला तर कडक झालं म्हण, छान झालं म्हण, वाटेल ते खोटं बोल. फक्त इथे, ओट्याशी उभी राहून बोल.