डाव्या गालातली वडी

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टरचा मुखवटा आहे. नाकाचा शेंडा उडालाय, कानाजवळ तडा गेलाय, पण मला बिचारा म्हणाल तर खबरदार! माझ्या हनुवटीखाली 'बेटावरचा प्रकार, स्त्री' अशी पाटी लावली होती. साफ खोटी! मी प्रकार-बिकार काही नाही. मी ह्यॉन गाप-सुनचा चेहरा आहे.

गाप-सुन जेजू बेटावर राहायची आणि समुद्रात बुड्या मारून कालवं काढायची. त्या काळी बेटावर परक्यांचं राज्य होतं. एकदा समुद्रापलीकडून त्यांचे प्राध्यापक आले. माणसांची डोकी चिमट्याने मोजायची, नाकं-गाल तपासायचे आणि कोण कुठल्या 'प्रकारात' बसतो ते ठरवायचं, हा त्यांचा उद्योग. जी बाई चेहऱ्याचा साचा द्यायला येणार नाही तिला समुद्र बंद, असा हुकूमच निघाला. घरात लहान लेकरं. गाप-सुन करणार काय? गेली.

पण जाताना तिने बार्लीच्या चिकट गोड वडीचा भलामोठा तुकडा कमरेला बांधून नेला. पाळी येताच तो डाव्या गालात कोंबला.

"अगं ताई, थुंक ती! पाहतील ना ते!" शेजारची पुन-ही कुजबुजली.

"पाहू देत की. चेहरा नेतायत मेले, वडी तरी माझी मला राहू दे," गाप-सुन भरल्या तोंडाने म्हणाली आणि खुशाल आडवी झाली.

नाकात गवताच्या नळ्या घालून तिच्या तोंडावर प्लास्टर थापलं. ते वाळलं, निघालं आणि त्या साच्यातून माझा जन्म झाला. डावा गाल टम्म फुगलेला!

मग काय विचारता माझं कौतुक! प्राध्यापकांनी मला वर्गात नेलं. या बेटावरच्या लोकांचं डावं गालफड उंच असतं, असं माझ्यावर छडी टेकवून शिकवलं. विद्यार्थ्यांनी माझी चित्रं काढली. मी मनातल्या मनात ओरडायचो, 'अहो शहाण्यांनो, वडी आहे ती!' पण माझे ओठ मिटलेले. पुढे ते राज्य गेलं, प्राध्यापक गेले आणि मी पेटीत जाऊन पडलो. कितीतरी वर्षांनी संग्रहालयाने मला बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा तीच पाटी लावली. असा संताप आला म्हणून सांगू!

आणि एके दिवशी गाप-सुनची नात उन-सिल मला शोधत आली. मला पाहून आधी खळखळून हसली, मग तिचे डोळे भरले.

"आजी! अहो, ही माझी आजी आहे!"

तिथले म्हातारे रखवालदार म्हणाले, "नाही हो बाई, हा त्या बेटावरचा प्रकार आहे. गालच बघा ना."

"गाल? मरेपर्यंत हसत सांगायची आजी ही गोष्ट. तिच्या श्राद्धाला आम्ही अजून हीच वडी ठेवतो." उन-सिलने पिशवीतून वडी काढली, डाव्या गालात कोंबली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

रखवालदारांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पाटी उपटली, उलटी केली आणि खिशातून पेन काढलं. "नाव काय लिहू?"

मित्रांनो, एवढ्या आयुष्यात माझं नाव कुणीतरी पहिल्यांदा विचारलं. तुम्ही तरी कुणाच्या नाका-डोळ्यांवर पाटी लावायच्या आधी एवढं विचारत जा.

"ह्यॉन गाप-सुन," उन-सिल भरल्या तोंडाने म्हणाली. "आणि खाली लिहा, गालात वडी आहे."