पालथं पात्र

जीवराम आबा बैसाणेंनी वरणभाताचा डाव पुढे केला आणि भन्ते खेमानंदांनी मांडीवरचं भिक्षापात्र उचलून विहाराच्या ओट्यावर पालथं घातलं. वरण आबांच्याच धोतरावर सांडलं.

गल्लीतले लोक दारात आले. शिंदखेड्याच्या त्या वस्तीत हे सगळ्यांनी ऐकलं होतं, पाहिलं कुणी नव्हतं. भिक्खूने पात्र पालथं घातलं की त्या घरचं दान बंद. मग त्या घरी ना रक्षणाचा परित्राण पाठ, ना लग्नात आशीर्वाद. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

"भन्ते, पोटवर काय राग काढतस तुम्ही?"

"पोटावर नाही आबा, कुलपावर."

आबा विहार समितीचे अध्यक्ष. त्यांना विचारल्याशिवाय विहारातला बल्बही बदलत नसे. भाचा झेडपीच्या निवडणुकीत उभा राहिला, तेव्हा त्याच्या प्रचाराच्या कचेरीला आबांनी विहार देऊन टाकला आणि भन्त्यांना सांगितलं, महिनाभर धुळ्याला जाऊन राहा. पण हा वर्षावास. आषाढी पौर्णिमेला ज्या विहारात राहण्याचा संकल्प करायचा, तिथला मुक्काम आश्विन पौर्णिमेपर्यंत मोडायचा नाही. भन्ते हलले नाहीत. मग त्यांची वळकटी आणि पुस्तकं ओट्यावर आली आणि दाराला कुलूप लागलं.

भिक्खूला राग येऊ नये, हे खेमानंद इतरांना रोज शिकवत. पण तो आला होता, चांगला कानशिलं तापवणारा, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती.

"विहार आम्हना शे," आबा धोतर झटकत म्हणाले. "भन्ते येतस आनी जातस."

"बरोबर. येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्खूंसाठीच तर तुमच्या वडिलांनी तो दान दिला. दिलेल्या वस्तूला आपलं कुलूप लावत नाहीत."

आबा पाय आपटत गेले, पण गप्प बसणारा तो गडी नव्हे. चार दिवसांनी त्याच वडिलांचा स्मृतिदिन होता. त्या दिवशी भिक्खूला भोजन दिल्याशिवाय त्यांच्या घरात कुणी घास घेत नसे. एक भन्ते रुसला म्हणून काय झालं, जळगावात भन्त्यांचा दुष्काळ पडला होता की काय! आबांनी फोन करून खेमानंदांची भरपूर तक्रार केली आणि नेमके वयोवृद्ध भन्ते विनयधर बोलावले.

नेमके, कारण या दोघांचं कधी पटलं नव्हतं. भिक्खूच्या हाती किल्ल्या आल्या की धम्म मागे पडतो आणि कुंपण पुढे येतं, असं विनयधरांनी खेमानंदांना धम्म परिषदेत सगळ्यांसमोर सुनावलं होतं. खेमानंदांचं म्हणणं उलट. समितीच्या हाती गेलेल्या विहाराचं समाजमंदिर होतं.

समोरच्या सुमनबाई रोज भाकरी आणून देत. त्यांनीच ही बातमी सांगितली. खेमानंदांनी भाकरी बाजूला ठेवली. विनयधर आबांच्या पाटावर बसले की पालथ्या पात्राला कोण विचारणार? मग वळकटी उचलायची आणि संकल्प मोडायचा, एवढंच उरलं असतं.

स्मृतिदिनाच्या सकाळी विनयधर जीपमधून उतरले. संघाच्या कामासाठी वर्षावासातही भिक्खूला थोडे दिवस बाहेर पडायची मुभा असते. खेमानंदांनी खाली उतरून त्यांना वंदन केलं. म्हाताऱ्याची नजर ओट्यावर गेली.

"हे पात्र कुणी पालथं घातलं?"

"मी."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"विनयाचे नियम शिकलात ना? हा अधिकार एका भिक्खूचा नाही, संघाचा आहे. सरळ करा ते."

"मी तेच सांगस ना!" आबांचा चेहरा खुलला. "बठ्ठा मनमानी कारभार!"

खेमानंदांनी पात्र सरळ केलं. चूक होती ती होतीच. सगळ्या गल्लीदेखत ते करावं लागलं, याचं मात्र त्यांना फार वाईट वाटलं.

"कुलूप कुणाचं?" विनयधरांनी विचारलं.

"समितीनं, भन्ते. कारभार उपासकस्नी कराना, हाई तुम्हीच सांगतस."

"सांगतो. उद्याही सांगेन. वीज, पाणी, छप्पर, सगळं तुम्ही सांभाळा. वर्षावासातल्या भिक्खूची वळकटी बाहेर काढणं हा कारभार नव्हे, उपासक."

आबांनी घड्याळ पाहिलं; बारानंतर भिक्खू जेवत नाहीत. मग हात जोडून म्हणाले, "ते पाहूत आपण. पहिले घर चाला. ताट वाढेल शे, बारा वाजाना आत जेवण व्हवाले जोयजे."

विनयधरांनी चपला काढल्या. खेमानंदांनी पुढे केलेला हात न घेता ते गुडघ्यावर भार देत ओट्यावर चढले, वळकटी बाजूला सरकवली आणि भिंतीला टेकून बसले.

"संघ म्हणजे निदान चार भिक्खू," ते म्हणाले. "फोनवर तुमचं ऐकलं, तेव्हाच साक्रीला निरोप दिला. तिथून दोघे निघालेत."

आबा जोडलेले हात तसेच धरून उभे राहिले. सुमनबाई दोघांपुरती चटई घेऊन आल्या होत्या. विनयधरांनी ती पाहिली आणि मान हलवली.

"बाई, सतरंजी आणा. मोठी असेल ती."