उलट्या नावेचं बूच

आमच्या गावच्या चर्चचं छप्पर म्हणजे एक उलटी घातलेली नाव आहे. हे अलंकारिक बोलणं नव्हे. दगडी भिंती उभ्या राहिल्या आणि गवंड्यांना दुसऱ्या गावी मोठं काम मिळालं, तेव्हा ते "आलोच" म्हणून निघून गेले. गवंड्यांचं "आलोच" त्या काळीही आजच्याइतकंच लांब असायचं. गावातले बाकीचे सगळे नदीकाठी होड्या बांधणारे सुतार. त्यांना छप्पर घालता येत नव्हतं आणि येत नाही असं म्हणताही येत नव्हतं. मग त्यांच्यातला थोरला म्हणाला, "छप्पर म्हणजे काय रे? पालथी नाव. पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच ना?"

तर त्यांनी नाव बांधली. कणा वर, फासळ्या दोन्ही भिंतींवर टेकवलेल्या, फळ्यांच्या सांध्यांत काथ्या आणि डांबर. निमुळतं टोक वेदीवर येतं आणि चौकोनी बूड दरवाजावर. आत एकही खांब नाही, कारण नावेत खांब नसतो. घंटेचा मनोरा चर्चपासून चांगला लांब, आंब्याच्या झाडाखाली उभा आहे, कारण एवढं ओझं नावेवर ठेवलं तर ती बुडेल असं थोरल्याचं ठाम मत पडलं. बाहेरच्या भिंतीत नांगराची कडी आहे. तिला आजतागायत बकऱ्या बांधतात. उन्हाळ्यात प्रार्थनेला बसलं की डांबराचा वास येतो, आणि आमच्या गावच्या माणसाला परगावी कुठेही रस्त्याचं काम चाललेलं दिसलं की हात आपोआप जोडले जातात.

पण खरी गंमत कण्यात आहे. नाव किनाऱ्यावर ओढली की साठलेलं पाणी सोडायला तळाला एक भोक ठेवतात आणि त्याला बूच मारतात. थोरल्याने छपरालाही भोक ठेवलं. वेदी आणि दरवाजा यांच्या बरोबर मध्ये, सगळ्यात उंचावर. त्या वेळच्या फादरांनी म्हणे विचारलं होतं, "छपराला भोक कशाला?" थोरला म्हणाला, "बूच बसवायला." यावर कोणत्याही धर्मशास्त्रात उत्तर नाही. भोकात पितळी नळी बसवली, नळीत लाकडी बूच ठोकलं, आणि नळीचं टोक आत नाकासारखं खाली आलं ते तसंच राहिलं.

पहिल्याच मिस्सेला, म्हणजे वेदीपुढच्या सामुदायिक प्रार्थनेला, त्या नाकातून एक थेंब एका बाईच्या डोक्यावर पडला. तिचा मुलगा नदीत बुडाला म्हणून सगळे रडत होते, तो संध्याकाळी चालत घरी आला. तो बुडाला नव्हता, पलीकडच्या काठावर सासुरवाडीला जेवायला थांबला होता, असं आमचे आजोबा सांगत. पण आजोबांना गावात कोणी फारसं विचारत नसे. तेव्हापासून थंडीतल्या यात्रेला चारी दिशांनी माणसं येतात, माउलीला मेणबत्ती लावतात आणि माना वर करून बुचाखाली बसायला धडपडतात. थेंब पडला की मागायचं. मागितलेलं मिळतं.

आमची आत्या या चर्चची देखभाल करते. सगळं गाव तिला आत्याच म्हणतं, फादरसकट, आणि फादर तिच्याहून वयाने मोठे आहेत. झाडणं, बाकं पुसणं, फुलं, घंटा, किल्ल्या, सगळं तिच्याकडे. यात्रेच्या दिवशी ती कमरेला फडकं खोचून दाराशी उभी असते. थेंब पडला की गर्दीतून वाट काढत जायचं आणि लादी पुसायची, कारण ओल्या लादीवरून माणूस घसरतो. कोणाला थेंब मिळाला हे तिला आधी लादीवरून कळतं, चेहऱ्यावरून नंतर.

या वर्षी बिशप हाऊसने छपराच्या दुरुस्तीसाठी इंजिनिअर पाठवला. तरुण, नम्र, हेल्मेट काखेत धरून बोलणारा. दुरुस्ती समितीत मी होतो, कारण गावातून शिकून बाहेर गेलेल्या माणसाला समितीत घेतात. म्हणजे तो भांडायला येत नाही, नुसता सही करायला येतो. इंजिनिअर शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "फळ्या उत्तम आहेत. फक्त ते बूच कुजलंय. यात्रा झाली की ते काढून भोक बंद करू, आणि आतून अस्तर लावू."

"मग थेंब?" फादरांनी विचारलं.

"तो पाऊस नाही, फादर. पितळ बाहेरच्या थंडीने गार पडतं. चर्च माणसांनी भरलं की त्यांचा श्वास वर जाऊन त्या पितळेवर त्याचं पाणी होतं. म्हणून तर तो यात्रेलाच पडतो. एरवी चर्च रिकामं असतं."

आत्या वेदीवरची फुलं बदलत होती. ती तिथूनच म्हणाली, "म्हणजे तो माणसांचाच श्वास?"

"हो आत्या. दुसरं काही नाही."

"दुसरं काही नाही काय! हजार माणसांचा श्वास एका थेंबात मावतो आणि हा म्हणतोय दुसरं काही नाही. शिकवतात तरी काय कॉलेजात?" एवढं माझ्याकडे पाहून म्हणाली. मी इंजिनिअरिंगच्या नव्हे, अर्थशास्त्राच्या कॉलेजात शिकवतो, पण तिच्या लेखी कॉलेज एकच आहे.

घरी आल्यावर तिने चहा गाळला. यात्रेनंतर ती आमच्याकडे शहरात राहायला यायची होती. गुडघे गेले होते आणि मनोऱ्यापर्यंत चालणं जमत नव्हतं. बॅग भरूनही झाली होती. कपबशी माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "माझ्यावर कधी पडला नाही रे."

"काय?"

"थेंब. एवढी वर्षं त्याच्याखालून झाडतेय. मी एकटी असते तेव्हा चर्च रिकामं, आणि भरलेलं असतं तेव्हा मी दाराशी. आता कळलं ना, का ते."

"काय मागणार होतीस?"

"ते कशाला ठरवू? जेवायला बोलावलं नाही तोवर काय वाढतील याचा विचार करू नये."

मी त्याच दिवशी फादरांकडे गेलो. फादर दाढी खाजवत म्हणाले, "मी सांगितलं तर ऐकणार नाही ती. मेणबत्तीवालीला सांगा."

मेणबत्तीवाली ही गावातली एकच बाई, जिला आत्या घाबरते. यात्रेच्या सकाळी तिने आत्याच्या कमरेच्या किल्ल्या काढून स्वतःच्या पदराला बांधल्या आणि तिला दंडाला धरून बुचाखालच्या बाकावर नेऊन बसवलं.

"अगं, दाराशी कोण?"

"मी. गप बस. जन्मभर दुसऱ्याची अंघोळ पुसलीस, आज स्वतःची कर."

आत्या बसली, पण एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यासारखी, बाकाच्या कडेला. ही बातमी गर्दीत कशी पसरली कोण जाणे, पण बुचाखाली एरवी जी रेटारेटी असते ती दिसली नाही. दरवर्षी नात्यागोत्याची आठवण न ठेवता कोपरं मारणारी माणसं या वर्षी "तुम्ही बसा, आत्या" म्हणत बाजूला सरकली.

एक अडचण मात्र झाली. त्या दिवशी हवा फारशी थंड नव्हती. मिस्सा अर्धी झाली तरी पितळ कोरडंच. इंजिनिअर माझ्या शेजारी उभा राहून वर बॅटरी मारत होता. "अजून श्वास हवाय," तो कुजबुजला. मी हे फादरांना खुणेने कळवलं. श्वासाची खूण करायला गेलो तर छातीत दुखत असल्यासारखं दिसतं, त्यामुळे एका भाविकाने मला पाणी आणून दिलं. पण फादरांना समजलं.

त्यांनी प्रवचन सुरू केलं. आमच्या फादरांची प्रवचनं लांब असतात आणि एरवी त्यांच्या मध्यावर पुरुषमंडळींना बाहेर बकरी सुटल्याची शंका येते. त्या दिवशी कोणी हललं नाही. फादर नोहाच्या नावेपासून निघाले, गालीलच्या सरोवरावर आले, तिथून आमच्या थोरल्या सुताराकडे. मेणबत्तीवालीने दारं लावून घेतली. प्रवचन संपल्यावर फादर म्हणाले, "आता गीत. सगळी कडवी." त्या गीताची पुढची कडवी गावात कोणालाच पाठ नाहीत, म्हणून लोकांनी पहिलंच कडवं पुन्हा पुन्हा म्हटलं, छाती फुगवून, होडी ओढताना म्हणतात तसं. म्हातारे खोकत होते, त्यांना कोणी दटावलं नाही. खोकलाही उपयोगी होता.

"जमतंय," इंजिनिअर म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. पितळेच्या टोकाला ओलसर चमक आली, तिचा मणी झाला, मणी लांबट झाला. गाणं थांबलं. सगळ्यांच्या माना वर.

थेंब सुटला.

आणि आत्याने, इतक्या वर्षांच्या सवयीने, कमरेचं फडकं खसकन ओढून हात पुढे केला आणि लादीवर पडायच्या आत तो थेंब फडक्यात झेलला.

फादरांनी डोळे मिटून घेतले. मेणबत्तीवाली दाराशी मोठ्याने म्हणाली, "मेले गं बाई, पुसलान् की!"

आत्याने फडक्याकडे पाहिलं. एवढासा ओला डाग होता. तिने तो आत राहील अशी फडक्याची नीट घडी केली आणि ती घडी डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरली. मग डोळे पुसले, तेही पदराने, फडक्याने नाही.

"काय मागितलंस?" मी बाहेर विचारलं.

"तुला काय करायचंय? तुझ्यासाठी नव्हतं," ती म्हणाली आणि किल्ल्या परत घ्यायला गेली. मेणबत्तीवालीने दिल्या नाहीत. आता त्या तिच्याकडेच राहायच्या होत्या. दोघी बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा दोन बाजूंनी धरून उभ्या होत्या.

महिन्याभराने दुरुस्ती समितीपुढे इंजिनिअरचा अहवाल आला. त्यात अस्तर रद्द केलं होतं आणि "वायुवीजनाच्या दृष्टीने" त्याच मापाचं नवं लाकडी बूच सुचवलं होतं. बूच हवा अडवतं, खेळवत नाही, हे समितीत कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी सही केली.

सहीचं आत्याला सांगितलं तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. मला वाटलं, आनंदाने काही म्हणेल. तिने नुसती मान हलवली, जणू वाण्याने सांगितलेलं सामान वेळेवर पाठवलं होतं. ते फडकं आमच्याकडे खिडकीशेजारच्या खिळ्यावर असतं. त्याने काहीही पुसायचं नाही, असा घरात नियम आहे. परवा माझ्या हातून चहा सांडला आणि घाईत मी त्याला हात घातला, तर आतून आवाज आला, "त्याला नको. तुझा सदरा आहे ना अंगात?"